जोबरा गावचे ८५६ टका

मागच्या वर्षीची गोष्ट. आमच्या शाळेत पालकसभा होती. सभा संपली, चहाचे कप उचलले गेले आणि मग आठवीतल्या एका मुलीची आई धापा टाकीत आली. नकाब वर करून बाकावर टेकली आणि म्हणाली, "माफ करना टीचर, आज मीटिंग थी." कसली मीटिंग, असे मी विचारले तेव्हा कळले की गटाची. गल्लीतल्या बायका दर मंगळवारी एकीच्या घरी जमतात. कंपनीचा माणूस मोटारसायकलवर येतो, वही उघडतो, हप्ते गोळा करतो. त्या दिवशी एका बाईचे पैसे कमी पडले होते. रक्कम पुरी होईपर्यंत कोणी उठायचे नाही, असे त्या माणसाचे म्हणणे. दोन तास सगळ्या बसून राहिल्या. शेवटी प्रत्येकीने पन्नास-पन्नास काढून दिले. "पैसे का नहीं टीचर, इज्जत का सवाल था," ती म्हणाली.

ही बाई घरी कांड्या भरते. नवरा यंत्रमागावर पाळीने जातो. तिच्या नावावर तीस हजारांचे कर्ज आहे. कागदावर ते शिलाई मशीनसाठी घेतलेले आहे. घरात मशीन नाही. ते पैसे नवऱ्याच्या मुतखड्याच्या ऑपरेशनला गेले.

बी.एड.ला असताना आम्हाला शिकवले होते की, इतिहासाचा पाठ मुलाच्या परिसरातील एखाद्या वस्तूपासून सुरू करावा. जुनी नाणी, विहीर, वेस, दर्गा. मला त्या दिवशी वाटले की ही मंगळवारची मीटिंग हीसुद्धा अशीच एक वस्तू आहे. पाच बायकांचा गट, आठवड्याचा हप्ता, एकीसाठी सगळ्यांनी थांबणे हे सगळे कोणीतरी, कुठेतरी, एका विशिष्ट वर्षी ठरवलेले असणार. त्याचा माग काढायला बसले, तर वाट थेट बांगलादेशातल्या चितगावजवळच्या जोबरा नावाच्या खेड्यात गेली. आपल्यासारख्याच मुसलमान बायाबापड्यांच्या वस्तीत हा प्रयोग जन्मला, हे आपल्यापैकी पुष्कळांच्या लक्षात येत नाही. आपण त्याला बँकवाल्यांचे काहीतरी समजतो.

जोबऱ्याच्या आधीचे थोडे सांगितले पाहिजे. पूर्व बंगालचा शेतकरी बहुसंख्येने मुसलमान होता आणि जमीनदार व महाजन बहुतांशी हिंदू. त्यामुळे कर्जाच्या प्रश्नाला तिथे फार लवकर धर्माचा रंग चढला. मुळात तो पोटाचा प्रश्न होता. शेर-ए-बांगला म्हणून ओळखले जाणारे ए. के. फजलुल हक यांच्या कृषक प्रजा पक्षाने १९३७ ची निवडणूक डाळभाताच्या मुद्द्यावर लढवली. त्यांच्या राजवटीत १९३५ च्या कायद्याखालची कर्ज-समेट मंडळे गावोगाव बसली आणि १९४० मध्ये सावकारीवर अंकुश ठेवणारा कायदा झाला. आपल्या दख्खनमध्ये हे साठ वर्षे आधी होऊन गेले होते. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खते जाळली आणि १८७९ मध्ये सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. दोन्हीकडे अनुभव सारखाच आला. कायद्याने सावकाराचा हात धरला, तेव्हा त्याने देणेही आखडले. मग बी-बियाण्याला, आजारपणाला, लग्नाला पैसा कोण देणार? याचे उत्तर कायद्यात नव्हते.

हे उत्तर शोधणारा एक माणूस आपल्या समाजाने विसरू नये असा होता. अख्तर हमीद खान हे आग्र्याचे, जन्म १९१४ चा. आय.सी.एस. होऊन बंगालमध्ये अधिकारी झाले. १९४३ चा बंगालचा दुष्काळ त्यांनी अधिकाऱ्याच्या खुर्चीतून पाहिला आणि ती खुर्ची त्यांना असह्य झाली. नोकरीचा राजीनामा दिला आणि अलीगढजवळच्या एका खेड्यात जाऊन कुलूप बनवणाऱ्यांकडे मजुरी केली. पुढे दिल्लीच्या जामिया मिलियात शिकवले, मग पूर्व पाकिस्तानात कोमिल्लाच्या व्हिक्टोरिया कॉलेजचे प्राचार्य झाले. १९५९ मध्ये कोमिल्लाला ग्रामविकासाची अकादमी निघाली. तिच्याद्वारे त्यांनी गावोगावच्या लहान शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था उभ्या केल्या. दर आठवड्याला बैठक, थोडी बचत, बचतीच्या जोरावर कर्ज. मंगळवारच्या मीटिंगचे पहिले रूप मला इथे दिसते. १९६३ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण या संस्था जसजशा पसरल्या तसतसे त्यांत बऱ्यापैकी जमीन असलेले लोक शिरले आणि भूमिहीन बाहेर राहिला. सहकाराचे हे दुखणे महाराष्ट्रातल्या वाचकाला वेगळे सांगायला नको.

यानंतर १९७१ चे युद्ध आणि १९७४ चा दुष्काळ. मृत्यूंचा सरकारी आकडा २६ हजारांचा होता. अभ्यासकांचे अंदाज त्याच्या कित्येक पट आहेत. त्या वेळी मुहम्मद युनूस चितगाव विद्यापीठात अर्थशास्त्र विभागाचे प्रमुख होते. वडील चितगावात जवाहिऱ्याचा धंदा करीत. युनूस अमेरिकेत डॉक्टरेट करून, तिथे शिकवून १९७२ मध्ये परत आलेले. विद्यापीठाच्या कुंपणापलीकडेच जोबरा. वर्गात शिकवायचे ते अर्थशास्त्राचे सिद्धान्त आणि बाहेर रस्त्यावर उपाशी माणसे. यात शिक्षकाची जी घालमेल होते ती मी समजू शकते. आम्हीही वर्गात चौरस आहारावर धडा घेतो आणि समोरचे पोर सकाळपासून चहा-पावावर असते.

जोबऱ्यात त्यांना बांबूचे मोढे विणणारी एक बाई भेटली. बांबू घ्यायला तिच्याकडे ५ टका नव्हते. ते व्यापारी देई. अट एवढीच की तयार मोढा त्यालाच विकायचा, आणि भाव तो सांगेल तो. दिवसभराच्या कामाचे तिला मिळत ५० पैसे. युनूस यांनी आपल्या विद्यार्थिनीला घेऊन गावात अशा लोकांची यादी केली. ४२ नावे निघाली आणि सगळ्यांचे मिळून देणे होते ८५६ टका. डॉलरमध्ये सत्तावीसही नाही. हे १९७६ साल. त्यांनी ती रक्कम खिशातून दिली आणि मग जनता बँकेच्या शाखेत गेले. बँकवाल्याने विचारले, तारण काय?

या सगळ्या इतिहासाची किल्ली या प्रश्नात आहे, असे मला वाटते. पुढच्या जवळजवळ पन्नास वर्षांत व्याजदर बदलले, संस्था बदलल्या, पुरस्कार मिळाले, बदनामीही झाली. पण गरिबाने तारण काय ठेवायचे या प्रश्नाची उत्तरे बदलत गेली, आणि त्या उत्तरांबरोबर कर्जाचे स्वरूप बदलले.

पहिले उत्तर युनूस स्वतः होते. ते सगळ्यांना जामीन राहिले. सुरुवातीला हप्ता रोजचा होता आणि तो गावातल्या पानवाल्याकडे जमा करायचा. त्यात हिशेबाचे वाद होऊ लागले. मी दिले, तू लिहिले नाही, असे. मग रोजचा हप्ता आठवड्यावर आला. पण एक प्राध्यापक किती गावांना जामीन राहणार? १९७९ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या मदतीने काम टांगाईल जिल्ह्यात गेले तेव्हा दुसरे उत्तर पक्के होत गेले, ते म्हणजे गट. पाच जणांचा गट. आधी दोघांना कर्ज, त्यांचे हप्ते नीट आले की आणखी दोघांना, शेवटी गटप्रमुखाला. असे सहा ते आठ गट मिळून एक केंद्र. आठवड्याला बैठक, पैसे सगळ्यांसमोर मोजायचे. वर्षभरात ५० हप्ते. २ ऑक्टोबर १९८३ रोजी ग्रामीण बँक स्वतंत्र बँक झाली. कर्जदार हेच तिचे भागधारक, आणि पुढे तर बहुतेक सगळी मालकी त्यांच्याकडे आली.

बायकांपर्यंत पोहोचणे सोपे नव्हते. पर्दा होता. युनूस घरात जाऊ शकत नसत. ते घरांमधल्या मोकळ्या जागेत उभे राहात आणि त्यांची विद्यार्थिनी आत-बाहेर करून निरोप पोचवी. बायका म्हणत, पैसे माझ्या नवऱ्याला द्या, मी आयुष्यात पैशाला हात लावलेला नाही. सुरुवातीला निम्मे कर्जदार बायका असाव्यात एवढेच ध्येय होते. अनुभव असा आला की बाईच्या हातात गेलेला पैसा आधी मुलांच्या पोटात जातो. पुढे बायकांचे प्रमाण ९७ टक्क्यांपर्यंत गेले. त्याच सुमारास, १९७५ मध्ये, मुंबईत प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून गिरणी कामगारांच्या खानावळी चालवणाऱ्या बायकांना सावकारापासून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून दिले होते. दोघांचा एकमेकांशी संबंध नव्हता. गरज सारखी होती.

१९८४ मध्ये केंद्रांच्या प्रतिनिधींनी 'सोळा निर्णय' ठरवले. बैठकीत ते सगळ्या मिळून म्हणत. त्यात भाजीपाला लावणे आहे, कुटुंब लहान ठेवणे, मुलांना शाळेत घालणे, संडास बांधणे आहे. मुलांच्या लग्नात हुंडा घेणार नाही, देणार नाही, हाही निर्णय आहे. इस्लाममध्ये मेहर मुलाने द्यायचा असताना आपल्यात हुंडा कसा घुसला याची चर्चा आपण जलशांतून ऐकतो. तिथे अडाणी बायका ओळीने बसून दर आठवड्याला ते मोठ्याने म्हणत होत्या. त्याने हुंडा थांबला का? नाही. बांगलादेशात तो वाढतच राहिला. पण म्हणणे आणि न म्हणणे यांत फरक आहेच.

सोळांमधला दहावा निर्णय ट्यूबवेलचे पाणी पिण्याचा होता. तळ्याच्या पाण्याने पटकी-हगवण होई म्हणून. त्यासाठी कर्जेही दिली गेली. १९९३ मध्ये त्या पाण्यात सोमल सापडू लागला आणि चांगल्या हेतूने खोदलेल्या विहिरींतून लाखो लोक विष पीत होते, हे उघड झाले. यात बँकेचा दोष नाही. साऱ्या देशाला तोच सल्ला मोठमोठ्या संस्था देत होत्या. तरी चांगल्या कामाच्या इतिहासात अशा विहिरी असतात, हे ध्यानात ठेवलेले बरे.

मला सर्वांत मोलाची वाटली ती घरबांधणीच्या कर्जाची अट. चार सिमेंटचे खांब, पत्रा, संडासाचे भांडे असे साधे घर. पण ज्या जमिनीवर ते उभे राहणार ती बाईच्या नावावर असली पाहिजे. नवऱ्याने तोंडाने तीन शब्द उच्चारले की बाई रस्त्यावर, ही भीती ज्या समाजात आहे त्या समाजात ही अट म्हणजे फार मोठी गोष्ट होती. आता घरातून निघायचे झाले तर त्यालाच निघावे लागेल. १९८९ मध्ये या घरांना वास्तुशास्त्राचा आगा खान पुरस्कार मिळाला. तलाकवर आपल्याकडे मोर्चे निघाले, हमीद दलवाईंनी १९६६ मध्ये सात बायकांना घेऊन मुंबईत मोर्चा काढला, पुढे खटले झाले, कायदे झाले. सातबाऱ्यावर आणि घरपट्टीच्या पावतीवर बाईचे नाव चढवण्याचा आग्रह मात्र आपल्यातल्या सुधारकांनी आणि उलेमांनी, दोघांनीही पुरेसा धरला नाही.

आता सूद. या विषयावर आपल्या वाचकांशी बोलताना हा प्रश्न टाळून चालणार नाही. ग्रामीण बँक व्यवसायाच्या कर्जावर २० टक्के व्याज घेत होती, शिल्लक राहिलेल्या मुद्दलावर. घराला ८ टक्के, मुलांच्या उच्च शिक्षणाला ५. गावातल्या महाजनाच्या मानाने हे काहीच नव्हते, पण व्याज ते व्याज. मौलवींनी विरोध केला. बँकेत जाणाऱ्या बाईला दफनाला जागा मिळणार नाही इथपर्यंत धमक्या गेल्या. १९९३-९४ च्या सुमारास उत्तर बांगलादेशात बोगरा भागात ब्रॅक या दुसऱ्या मोठ्या संस्थेच्या शाळा जाळल्या गेल्या आणि बायकांनी रेशमासाठी लावलेली तुतीची झाडे तोडली गेली. यात दीनची कळकळ किती आणि गावातल्या महाजनाचा, मातब्बरांचा हात किती, हे वेगळे करणे कठीण. युनूस यांचा युक्तिवाद असा होता की, बँकेच्या मालक कर्जदार बायकाच आहेत, त्यांनी दिलेले व्याज त्यांच्याकडेच परत येते, तेव्हा त्याला रिबा कसे म्हणावे? हा युक्तिवाद मला अर्धाच पटतो. ज्या बाईचे हप्ते थकले तिला आपण मालक आहोत असे वाटत असेल का?

पण आपल्या उलेमांशीही मला अदबीने एक बोलायचे आहे. सूर-ए-बकरामध्ये जिथे सूद हराम ठरवला आहे तिथेच पुढे कर्जदार तंगीत असेल तर त्याला सवड देण्याची आज्ञा आहे, आणि माफ केले तर अधिक चांगले, असेही आहे. आपल्या वाजांतून पहिला भाग ऐकू येतो. दुसरा क्वचित. कर्ज बिनव्याजी असले आणि सवड मिळाली नाही, तर बाईची दशा काय होते?

सवडीची परीक्षा १९९८ मध्ये झाली. त्या वर्षीच्या पुरात बांगलादेशाचा दोन-तृतीयांश भाग बुडाला. पाणी आठवडे न् आठवडे हटले नाही. गाई गेल्या, पीक गेले, हप्ता मात्र उभा. बँकेने नवी कर्जे देऊन सावरण्याचा प्रयत्न केला, त्यामुळे ओझे आणखी वाढले आणि पुष्कळ बायका बैठकीला यायच्याच थांबल्या. अखेर २००१-०२ मध्ये बँकेने आपले नियम मुळापासून बदलले. हप्ता लांबवण्याची सोय केली. त्याच वेळी भिकाऱ्यांसाठी बिनव्याजी कर्ज सुरू केले, त्याला हप्त्याचे वेळापत्रकही नव्हते. भीक मागायला जाताना सोबत खाऊ, बांगड्या विकायला न्या, जमेल तेव्हा फेडा. कर्जे हसनाच्या अगदी जवळ जाणारी ही गोष्ट त्या बँकेत सर्वांत कमी गाजली.

दरम्यान तारणाचे तिसरे उत्तर गावोगाव तयार झाले होते. ते कोणी ठरवले नव्हते. ते उत्तर म्हणजे बाईची इज्जत. १९९६ मध्ये अ‍ॅन मेरी गेट्झ आणि रीना सेन गुप्ता या दोघींनी कर्जाचा पैसा प्रत्यक्ष कोण वापरतो ते तपासले. ३७ टक्के प्रकरणांतच बाईचा त्यावर पुरा किंवा बऱ्यापैकी ताबा होता. बाकी ठिकाणी पैसा नवऱ्याकडे, मुलाकडे, दिराकडे. हप्ता मात्र बाईने भरायचा. लामिया करीम या मूळच्या बांगलादेशी अभ्यासिकेने १९९० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या खेड्यांत राहून जे पाहिले ते २०११ मध्ये पुस्तकरूपाने आले. हप्ता थकला की गटातल्याच बायका दारात येतात, शिव्या देतात, भांडी, कोंबड्या उचलून नेतात. फारच थकला तर घराचे पत्रे उतरवून नेतात. याला तिथे 'घर भांगा' म्हणतात. बाई चारचौघांत बेअब्रू झाली की घराण्याची नाचक्की होते, म्हणून नवराही कुठूनतरी पैसा आणतो, बहुधा दुसऱ्या संस्थेकडून किंवा त्याच महाजनाकडून. वसुली ९८ टक्के आहे असे अहवालात छापून येई, त्या आकड्यामागे ही लाज उभी होती. हा भाग मी वाचला तेव्हा आमच्या शाळेच्या बाकावर बसलेली ती बाई आठवली. इज्जत का सवाल था, हे वाक्य तिचे एकटीचे नव्हते.

२००६ मध्ये युनूस आणि ग्रामीण बँक यांना शांततेचे नोबेल मिळाले. त्या वेळी बँकेचे कर्जदार सत्तर लाखांच्या घरात होते. बँकेच्या वतीने तस्लीमा बेगम ही एक कर्जदार बाई ओस्लोच्या व्यासपीठावर उभी राहिली. मी तेव्हा शाळकरी वयात होते. उर्दू वर्तमानपत्रातला तो फोटो आमच्या उस्तादांनी वर्गात दाखवल्याचे आठवते. एक मुसलमान, तोही गरिबांचा बँकवाला, आणि शेजारी खेड्यातली साडी नेसलेली बाई. त्या दिवसांत आपल्याविषयी जे छापून येई त्यात हा फोटो फार वेगळा होता. आजही तो मला प्रिय आहे, वर लिहिलेले सगळे ठाऊक होऊनसुद्धा. युनूस यांची पुढची वाटचाल राजकारणात गुंतलेली आहे. २०११ मध्ये त्यांना वयाचे कारण देऊन बँकेतून दूर केले गेले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये शेख हसीना यांचे सरकार पडल्यावर ते हंगामी सरकारचे मुख्य सल्लागार झाले. त्या भानगडीत इथे शिरायला नको.

भारतात ही रीत आली ती दोन वाटांनी. एक वाट बचत गटांची. नाबार्डने १९९२ मध्ये ५०० गटांना बँकांशी जोडण्यापासून ती सुरू केली. दुसरी वाट खासगी कंपन्यांची. त्यांनी जोबऱ्याचा गट घेतला, आठवड्याचा हप्ता घेतला, मालकी मात्र कर्जदार बायकांची ठेवली नाही. तिथे गुंतवणूकदार आले. २०१० च्या पावसाळ्यात हैदराबादच्या एसकेएस कंपनीचे शेअर बाजारात आले आणि भाव चढले. त्याच वर्षी आंध्रच्या खेड्यांतून कर्जदारांच्या आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागल्या. एका-एका बाईवर तीन-तीन, चार-चार कंपन्यांचे कर्ज. १५ ऑक्टोबर २०१० रोजी आंध्र सरकारने अध्यादेश काढला आणि वसुली ठप्प झाली. गेलेला माणूस मात्र अध्यादेशाने परत येत नाही.

मग या कर्जाने गरिबी हटते की नाही? यावर मोठी मोजणी हैदराबादेतच झाली. शहरातील १०४ वस्त्या निवडून त्यांपैकी ५२ ठिकाणी चिठ्ठ्या टाकून आधी कर्ज सुरू करण्यात आले आणि दोन्हीकडची घरे पुढे तपासली गेली. हे काम करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते, ज्यांना २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. (बॅनर्जींच्या आई निर्मला या माहेरच्या पाटणकर, हे मराठी वाचकांना सांगायला हरकत नाही.) निष्कर्ष असा की, ज्यांचा धंदा आधीच चालू होता त्यांचा थोडा वाढला, काही घरांत टिकाऊ वस्तू आल्या, पान-तंबाखूवरचा खर्च थोडा घटला. पण घरखर्च वाढला नाही, मुलांच्या शाळेत फरक पडला नाही, घरातला बाईचा अधिकार वाढला नाही. बोस्निया, इथिओपिया, मेक्सिको, मंगोलिया, मोरोक्को इथल्या तपासण्याही २०१५ मध्ये एकत्र छापल्या गेल्या, त्यांचा सूरही साधारण हाच होता. कर्जाने बुडवले असे सरसकट म्हणता येत नाही आणि वर काढले असेही नाही.

खरा फरक दिसला तो वेगळ्या ठिकाणी. ब्रॅकने २००२ मध्ये अगदी तळातल्या, हप्ता भरण्याचीही ताकद नसलेल्या बायकांसाठी दुसरी रीत काढली. कर्ज नाहीच. एक गाय किंवा शेळ्या द्यायच्या, त्या उत्पन्न देईपर्यंत आठवड्याला खायला थोडे पैसे, ती सांभाळायचे शिक्षण, आणि दोन वर्षे दर आठवड्याला कोणीतरी घरी येऊन विचारपूस करायची. भारत, पाकिस्तान धरून सहा देशांत ही रीत तपासली गेली तेव्हा मदत थांबल्यावर वर्षभरानेही त्या घरांचे खाणेपिणे सुधारलेले आढळले. मी हे वाचले आणि मनात म्हटले, ही तर जकात. जकातीच्या आठ हक्कदारांत फकीर आणि मिस्कीन आहेत, तसेच गारिमीन म्हणजे कर्जात बुडालेलेही आहेत. रमजानमध्ये आपल्या गल्लीत शंभर-शंभरच्या नोटा वाटल्या जातात, रांगा लागतात, ढकलाढकली होते. ईदच्या दुसऱ्या दिवशी त्याच बायका मीटिंगला बसलेल्या असतात.

बिनव्याजी कर्जाचे प्रयोगही झाले आहेत. देवबंदचा मुस्लिम फंड १९६१ पासूनचा. तो व्याज घेत नाही. पण दागिना गहाण ठेवावा लागतो. म्हणजे बँकवाल्याने विचारलेला प्रश्न तिथेही आहेच. जिच्या कानात सोन्याची बाळीही नाही तिने काय ठेवावे? या दृष्टीने लाहोरच्या अखुवतचा प्रयोग लक्ष देण्यासारखा आहे. डॉ. अमजद साकिब या सनदी अधिकाऱ्याने २००१ मध्ये तो सुरू केला. पहिले कर्ज दहा हजार रुपयांचे, एका बाईला, बिनव्याजी. नाव मदिनेतल्या मुआखातवरून, म्हणजे अन्सारांनी मुहाजिरांना भाऊ मानले त्यावरून घेतलेले. कर्जाचे वाटप मशिदीत, सगळ्यांसमोर. साकिब यांनाही २०२१ चा मॅगसेसे मिळाला, आणि आपल्या प्रेरणांत ते अख्तर हमीद खानांचे नाव घेतात. कोमिल्लाचे बी कराचीच्या ओरंगी झोपडपट्टीतून फिरून लाहोरात उगवले. मात्र अखुवत दानावर आणि पुढे पंजाब सरकारच्या निधीवर वाढले. बिनव्याजी पैशाचा खर्चही कोणीतरी उचलावाच लागतो, हे विसरून आपल्याकडे मोहल्ला कमिट्या निघतात आणि दोन वर्षांत बंद पडतात. एका कमिटीची मी सभासद होते. लोकांनी पैसे बुडवले म्हणून ती बंद पडली नाही. हिशेब ठेवायला कोणी तयार नव्हते म्हणून पडली.

या वर्षी त्या मुलीची आई पुन्हा भेटली. कर्ज आता चाळीस हजारांचे झाले होते, जुने फेडून नवे घेतलेले. मी तिला रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांविषयी सांगितले. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाऊ नयेत. वसुली ठरलेल्या जागीच करायची, लागोपाठ दोनदा किंवा अधिक वेळा बाई तिथे आली नाही तरच घरी यायचे. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करायचा नाही. धमकी, शिवीगाळ, नातेवाइकांना त्रास देणे हे सगळे मना आहे. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "टीचर, ये उर्दू में लिख के देंगी आप? मीटिंग में सबको पढ़ के सुनाना है."

मी फळ्यासमोरच्या टेबलावर बसून वहीच्या दोन पानांवर लिहून दिले. तिने घडी घालून ते कागद मुलीच्या कंपासपेटीत ठेवले. तो सोमवार होता.